मृदंग आपल्याही हातात हवा

(पिशोर, ता. कन्नड येथील महिला भजनी मंडळाने सामुदायिक रेडिओवर केलेले भाषण)



आम्ही पिशोरहून बोलतोय. आमच्या मंडळात चौदा बाया आहेत. कुणाच्या घरी अद्रक आहे, कुणाच्या मका-कपाशी, तर कुणी दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. एकजण अंगणवाडीत मदतनीस आहे. दर एकादशीला आम्ही देवळाच्या सभामंडपात भजनाला बसतो. गावात हरिनाम सप्ताह असला की सातही दिवस दुपारची वेळ आमची असते. आमच्यातलं कुणीही गाणं शिकलेलं नाही. घरचं आवरून, पदर खोचून येतो आणि गातो, एवढंच.

आज आम्ही भजनातल्या एका वाद्याबद्दल सांगणार आहोत. ते म्हणजे मृदंग. शहरातले लोक त्याला पखवाज म्हणतात, आपल्या वारकऱ्यांच्या तोंडी मृदंगच. तुमच्या गावात महिलांचं भजनी मंडळ असेल तर जरा आठवून बघा. गाणाऱ्या बाया, टाळ बायांच्या हातात, पेटीवरही बहुतेक एखादी बाईच. आणि मृदंगावर? तिथं बहुतेक ठिकाणी एखादे दादा किंवा बुवा बसलेले असतात. आमच्याकडेही कित्येक वर्षं तसंच होतं. आता मृदंग आमच्यातल्या दोघी वाजवतात. हे का केलं आणि कसं केलं, ते सांगतो. तुमच्या गटातल्या कुणाला शिकायचं असेल तर उपयोगी पडेल.

का शिकायचं?

पहिलं कारण अगदी साधं आहे. मृदंगी आले नाहीत की भजन होत नाही. कार्तिकात पहाटेचा काकडा असतो, आणि नेमकी तेव्हाच रानात कापूस वेचणी, मका काढणी चाललेली असते. मृदंगी शेतकरीच. त्यांना रात्री पाण्याची पाळी असली तर पहाटे ते येणार कसे? त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यांच्या एका अडचणीपायी आम्ही चौदाजणी नुसते टाळ घेऊन बसून राहायचो.

दुसरं कारण सुराचं आहे, आणि ते पुष्कळ जणींच्या लक्षात येत नाही. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. पुरुष साधारण काळी एक, काळी दोन या पट्टीत गातात. बायांचा आवाज वरचा. आपल्याला पांढरी चार, काळी चार, कुणाला काळी पाच सोयीची जाते. मृदंगाची उजवी बाजू पेटीच्या सुराला लावलेली असते. पुरुषांच्या भजनाला लावलेला मृदंग तसाच आमच्यात आला की आम्हाला आवाज खाली ओढून गावं लागायचं. खालचा सूर लागत नाही, शब्द पुटपुटल्यासारखे येतात. मग ऐकणारे म्हणतात, बायांच्या भजनात दम नाही. दम असतो हो, पट्टी आपली नसते.

तिसरं कारण लयीचं. अभंग संथ सुरू होतो, हळूहळू लय चढते, शेवटी टाळ आणि मृदंग एक होऊन गजर होतो. लय कधी चढवायची हे कोण ठरवतं? गाणारी नाही, मृदंगी ठरवतो. त्यांना पुढच्या गावी कार्यक्रमाला जायचं असलं की आमचा अभंग पळायला लागायचा. दोन कडवी संथ म्हणायची आमची इच्छा असायची, पण हाताखालची लय निघून गेलेली असायची.

म्हणून आम्ही म्हणतो, ज्याच्या हातात मृदंग, त्याच्या हातात भजन. मंडळ आपलं म्हणायचं असेल तर हे वाद्य आपल्यातल्या कुणाला तरी आलंच पाहिजे.

मृदंग असतो कसा?

शिसम, खैर, आंबा अशा लाकडाचं आतून पोकळ खोड. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं. दोन्ही तोंडांवर चामड्याच्या पुड्या, आणि त्या ताणून धरणाऱ्या वाद्या. वाद्यांच्या खाली लाकडाचे गोल गठ्ठे असतात. ते सरकवले की ताण कमी-जास्त होतो. उजवं तोंड लहान. त्यावर मधोमध काळी शाई असते, ती लोखंडाच्या भुकटीची बनवतात. डावं तोंड मोठं. त्यावर शाई नसते. तिथं लावतात कणीक!

हो, आपण पोळ्यांना मळतो तीच गव्हाची कणीक. बसण्याआधी गोळा चिकट मळायचा आणि डाव्या पुडीच्या मधोमध पुरीसारखा गोल थापायचा. कणकेच्या वजनानं आवाज खोल आणि घुमारेदार होतो. कणीक वाढवली की आवाज खाली जातो, काढली की वर येतो. हे आम्हाला पहिल्याच दिवशी जमलं. आमचे गुरुजी हसून म्हणाले, "एवढं शिकायला पोरांना महिना लागतो." भजन झालं की ती कणीक खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून काढायची. राहू दिली तर चामडं खराब होतं, आणि रात्रीतून उंदीर पुडी कुरतडतात.

गुरुजी म्हणजे तेच, ज्यांच्यावाचून आमचा काकडा अडायचा. आम्ही त्यांना म्हणालो, तुम्हाला यायला जमत नाही तर आम्हाला शिकवा. त्यांनी मनापासून शिकवलं.

शिकायचं कसं?

आधी तोंडानं, मग टाळीनं, मग हातानं. हा क्रम सोडू नका.

भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. एक ते आठ मोजायचं, आठ झाले की परत एक. त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. सगळ्यांनी मिळून जिथं येऊन पोचायचं ती जागा म्हणजे सम. आम्ही पहिले पंधरा दिवस मृदंगाला हातही लावला नाही. अभंग म्हणायचा, टाळी द्यायची आणि सम कुठं येते ते ओळखायचं. वेचणीला जाताना, भांडी घासताना मोजायचं. गाताना सम चुकली नाही की अर्धं काम झालं समजा.

मग बोल. उजव्या हाताचा 'ता', डाव्या हाताचा मोकळा 'ग', आणि दोन्ही हात एकदम पडले की 'धा'. डावा हात दाबून मारला की 'क'. एवढ्यावर सुरुवात होते. किट, तिरकिट, धुमकिट हे पुढचे बोल, त्यांना बोटं सुटी व्हावी लागतात. बोल तोंडानं स्पष्ट म्हणता आला तरच हातातून स्पष्ट निघतो.

पूर्ण तळव्यानं मोकळा आवाज काढतात त्याला थाप म्हणतात. भाकरी थापतो ना, तोच शब्द. भाकरी थापताना तळवा सपाट पडतो, जोर खांद्यातून येतो आणि मनगट सैल असतं. तसंच इथं. ज्वारीच्या भाकरी थापलेल्या हाताला हे नवीन नाही. नवीन एवढंच, की थाप मारून हात लगेच उचलायचा. चिकटून राहिला तर आवाज मरतो.

रोज अर्धा तास पुरे, पण रोज. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा ते बरं. मृदंग घरात नसेल तर मांडीवर, गव्हाच्या पोत्यावर बोल वाजवा. आमच्या दोघींना एका अभंगाला न चुकता साथ द्यायला सहा महिने लागले. सुरुवातीला बसूनच वाजवा. दिंडीत मृदंग गळ्यात अडकवून चालायचं तर खांदा आणि पाठ तयार लागते, ते नंतरचं.

सूर लावणं

पावसाळ्यात हवा ओली असते, चामडं सैल पडतं, सूर उतरतो. उन्हाळ्यात चामडं आवळतं, सूर चढतो. म्हणून दर वेळी बसण्याआधी मृदंग पेटीशी लावून घ्यायचा. उजव्या पुडीच्या कडेला गुंफलेला गजरा असतो. त्यावर हातोडीनं वरून हलके ठोके दिले की सूर चढतो, खालून दिले की उतरतो. जास्त फरक असेल तर गठ्ठे सरकवायचे. कडेनं सोळा घरं असतात, त्या सगळ्या घरांतून एकच सूर यायला हवा. हे कानाचं काम आहे. एकीनं पेटीचा सूर धरून ठेवायचा, दुसरीनं ठोकायचं.

हल्ली नटबोल्टचे मृदंग मिळतात. पान्यानं आवळले की सूर चढतो. नव्या शिकणारीला ते सोपे जातात.

विकत घेताना दुकानदाराला आधीच सांगा, बायांच्या भजनासाठी हवा, पट्टी काळी चार किंवा तुमची जी असेल ती. वरच्या पट्टीला उजवं तोंड लहान लागतं. मोठ्या तोंडाचा मृदंग ताणून ताणून वर चढवला तर पुडी फाटते. लाकडाला चीर आहे का, शाईला भेगा आहेत का, सोळा घरं सारखी वाजतात का, एवढं बघा. वाजवता येणारं माणूस बरोबर न्या. घरी आणल्यावर कापडाची गवसणी शिवा. चुलीजवळ, ओल्या भिंतीला टेकून किंवा कडक उन्हात मृदंग ठेवू नका.

"बाईच्या मांडीवर मृदंग शोभतो का?"

हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला, काही वडीलधाऱ्यांनी तोंडावर, काहींनी मागून. घरात सासूबाईंनीही विचारलं. आम्ही भांडलो नाही. एक गोष्ट मात्र आठवण करून दिली.

आपल्याच कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी आहे. संत बहिणाबाईंचा जन्म तिथला, १६२८ च्या सुमाराचा. लहानपणीच त्यांचं लग्न वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या, वयानं पुष्कळ मोठ्या बिजवराशी झालं. पुढे कुटुंब कोल्हापूरला असताना बहिणाबाईंना कीर्तनाची ओढ लागली. त्यांच्या पाठीपाठी एक वासरू असायचं. ते त्यांच्याबरोबर जयरामस्वामींच्या कीर्तनालाही जायचं. नवऱ्याला हे खपलं नाही. त्यानं त्यांना मारहाण केली. पुढे तुकोबांना गुरू मानलं म्हणूनही घरात राग झाला, कारण हे ब्राह्मण घर आणि तुकोबा शूद्र समजले जाणारे. हे सगळं बहिणाबाईंनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवलं आहे. तरी त्या देहूला गेल्या, तुकोबांचं कीर्तन ऐकलं, अभंग रचले. त्यांची समाधी शिऊरला आहे. आज त्याच बहिणाबाईंचे अभंग सप्ताहात पुरुष मंडळी मोठ्या आदरानं गातात.

जनाबाई, मुक्ताबाई, सोयराबाई यांचे अभंग तर रोजचेच. बायांनी रचलेलं चालतं, गायलेलं चालतं, मग त्याला ठेका धरलेला का चालू नये? आळंदीला जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. कीर्तन, मृदंग शिकायला मुलगे अशा ठिकाणी जात आले, मुलींना कुणी पाठवलं नाही. मृदंग बायांना येत नाही असं जे वाटतं, त्याच्या मुळाशी हे आहे. शिकवलंच नाही तर येणार कुठून?

आणि वाद्यांवरच्या बंदीचं म्हणाल तर पेटीचंच बघा. पेटी मूळची आपली नाही, ती युरोपातून आली. ती परकी, आपल्या गाण्याला योग्य नाही, असं म्हणून आकाशवाणीनं १९४० साली तिला बंदी केली. १९७१ साली ती बंदी उठायला लागली. आज पेटीवाचून भजनाची कल्पना करता येते का? काय चालतं आणि काय चालत नाही हे माणसंच ठरवतात, आणि माणसंच बदलतात.

आमच्या गावात सगळं बदललं असं नाही. सप्ताहात दुपारच्या भजनाला आमचा मृदंग असतो. रात्रीच्या कीर्तनाला आणि जागराला अजून पुरुषांचाच. पण परवाच्या सप्ताहात एक आजोबा दुपारी मुद्दाम येऊन बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. आम्हाला तेवढं पुष्कळ वाटलं.

दूरच्या देशातली एक गोष्ट

वाद्य कुणी वाजवायचं, हा प्रश्न फक्त आपल्या गावचा नाही. पोलंड, युक्रेन, रुमानिया या देशांत पूर्वी ज्यू लोकांची मोठी वस्ती होती. त्यांच्या लग्नात वाजवणाऱ्यांना क्लेझमर म्हणत. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ गाण्याचं साधन, गाण्याचं भांडं. फिडल, पुढे क्लॅरिनेट, ढोल अशी वाद्यं. बापाकडून मुलाकडे जाणारा हा धंदा, जवळजवळ सगळा पुरुषांचा. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीनं साठ लाख ज्यू मारले. वाजवणारे गेले आणि ज्यांच्या लग्नात वाजवायचं ते गावही गेलं. काही जण आधीच अमेरिकेत गेले होते, त्यांच्या जुन्या तबकड्या तेवढ्या राहिल्या. १९७० नंतर तिथल्या तरुण मुलामुलींनी त्या तबकड्या ऐकून हे संगीत पुन्हा हाताला बसवलं, आणि या वेळी बायाही फिडल घेऊन पुढे बसल्या. आता कितीतरी शहरांत शिक्षक, नर्स, निवृत्त झालेले लोक संध्याकाळी एखाद्या सभागृहात जमून हौसेनं क्लेझमर वाजवतात. पोटापाण्यासाठी नाही, आपण एकादशीला बसतो तसं.

ज्यू लोक आपल्या महाराष्ट्रातही आहेत. कोकणातले बेने इस्राएल. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी. १८८० च्या सुमाराला त्यांनी आपल्यासारखंच कीर्तन सुरू केलं, कथा त्यांच्या धर्मग्रंथातल्या आणि भाषा मराठी. १९४८ साली इस्राएल देश झाल्यावर त्यांतले पुष्कळ जण तिकडे गेले. तिथंही त्यांच्या बाया एकत्र जमून मराठी गाणी म्हणत आल्या आहेत.

यातून आम्ही एवढंच घेतलं, की गाणं ठराविक चार माणसांच्याच हातात राहिलं तर त्यांच्याबरोबर जातं. साध्यासुध्या, घरकाम करणाऱ्या हातांत आलं तर टिकतं.

मंडळ चालवताना

आता कामाच्या चार गोष्टी.

एक, प्रत्येक वाद्य दोघींना आलं पाहिजे. आजारपण असतं, बाळंतपण असतं, माहेरी जाणं असतं. पाळीच्या दिवसांत आमच्यातल्या काहीजणी देवळात येत नाहीत. ते मानायचं की नाही हे ज्या त्या बाईनं ठरवावं. पण तिच्यावाचून भजन अडू नये आणि तिच्या वाटेची चर्चाही होऊ नये, म्हणून दोघी. सराव आम्ही समाजमंदिरात करतो, तिथं सगळ्याच येतात.

दोन, वाद्य मंडळाच्या मालकीचं असावं, एकीच्या नाही. आम्ही मृदंगासाठी दर महिन्याला थोडी थोडी वर्गणी काढली. बचत गटाचे पैसे त्यात मिसळू नका. गटाचं कर्ज आणि परतफेड वेगळी, भजनाची वही वेगळी. मृदंग कुणाच्या घरी आहे, पुडी कधी बदलली, किती खर्च आला, सगळं वहीत लिहा.

तीन, बिदागी. दुसऱ्या गावी किंवा दशक्रियेला भजनाला बोलावलं तर लोक काही देतात. ती रक्कम सगळ्यांसमोर मोजा आणि वहीत चढवा. आमच्याकडे त्यातून आधी वाद्यांची दुरुस्ती, मग प्रवासखर्च, उरलं तर शिल्लक. पैशावरून मंडळं मोडतात, सुरावरून नाही.

चार, एखादी मुलगी जवळ बसवा. आमच्यातल्या एकीची नात सातवीत आहे. ती शाळेतून आली की दप्तर टाकून मृदंगाशी बसते. आम्हाला सहा महिन्यांत जे आलं, ते तिला दोन महिन्यांत आलं. तिला कुणी सांगितलेलंच नाही की हे मुलींचं काम नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्यात टाळ धरताना सम कुणाची चुकत नाही? दोन नावं नक्की निघतील. त्या दोघींना गावातल्या मृदंग्याकडे घेऊन जा आणि शिकवायला सांगा. मागितल्यावर शिकवणारी माणसं प्रत्येक गावात असतात. कणीक तर घरात आहेच.

रामकृष्ण हरी.